अर्जात न लिहिलेलं मिठागर

उरणजवळच्या आमच्या गावाने सोसायटी काढून मिठागर स्वतः चालवायचं ठरवलं, तेव्हा कारभार शिकून यायला माझं नाव पुढे आलं. मुंबईच्या एका संस्थेत व्यवसाय-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम होता. माझं वय बेचाळीस, बी.ए. बाहेरून दिलेली आणि वीस वर्षं मिठागरावर मुकादमी. यादी केल्याशिवाय मला काही सुचत नाही. प्रवेश न मिळण्याची कारणं लिहायला बसलो तर पान भरलं. सगळ्यात वर मुकादमी. म्हणून अर्जात अनुभवाच्या रकान्यात ‘व्यापार’ एवढंच लिहिलं आणि गावदेवीला नारळ ठेवून म्हटलं, आई, निभावून ने.

मुलाखतीच्या दिवशी मोरा बंदरावरून मुंबईची लाँच धरली. नवे बूट चावत होते, ते काढून बसलो. शेजारी सुक्या मासळीची पाटी घेऊन एक अनोळखी म्हातारी बसली होती.

“मिठागरावर हायेस ना रं?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“खारानं फुटलेल्या टाचा लपतात व्हय? नि बुटं कशाला? लगीन करायला चाललास?”

मला हसू आलं, आणि का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं, अर्जातली लबाडीसुद्धा. तिने पाटी जरा बाजूला सरकवली. मग म्हणाली, “ज्या कामावर देवीनं वीस वर्सं पोसलं त्याची लाज धरतोस, नि नारळ तिलाच देतोस?”

धक्क्यावर पाटी उतरवायला हात द्यावा म्हणून वळलो, तोवर ती गर्दीत दिसेनाशी झाली होती. पुढे त्या लाँचने कितीदा गेलो, पण ती पुन्हा भेटली नाही.

मुलाखतीला तीन साहेब होते. पहिल्याच प्रश्नाला मी म्हणालो, “साहेब, मी मिठागराचा मुकादम आहे. अर्जात लपवलं.”

“का लपवलंत?”

“लाज वाटली.”

संपलं, असं वाटलं, पण जीव हलका झाला होता. मग वयस्क साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “अहो, मीठ कडवट कशाने होतं?” मी सांगत गेलो: पाणी कधी सोडायचं, मीठ कधी ओढायचं, बांध फुटला की एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन घरांना एका रांगेत कसं उभं करायचं.

प्रवेशाचं पत्र आलं, पण अर्ज पुन्हा, खरा लिहून द्या, या अटीवर. तो लिहून आधी गावदेवीच्या देवळात नेला. मागणं नेहमीसारखं तयार होतं, पण ओठांवर येईना. तिने दिलेलं झाकून ठेवून मी तिच्याकडे आणखी मागत आलो होतो. त्या दिवशी काहीच मागितलं नाही. नुसते हात जोडून उभा राहिलो, आणि तेवढं पुरलं.