आत्याला ग्रुपवर बोलावलं होतं

आत्या माझ्याशी न बोलता गेली.
सात महिने अबोला होता. चूक माझीच होती.

मुलीचा पहिला वाढदिवस. गोंदियात लॉन बुक केला. मोबाईलवर झकास कार्ड बनवलं, फॅमिली ग्रुपवर टाकलं, झालं आमंत्रण!

कामठ्याच्या माझ्या आत्याकडे बटनांचा फोन.
याच बाईच्या घरी राहून मी बारावी केली. रोज सकाळी माझा डबा तिने भरला.

ती आली नाही. शेजारणीच्या मोबाईलवर तिने केक कापतानाचे फोटो पाहिले.

आठ दिवसांनी मी मिठाई घेऊन गेलो. वरून मीच चिडलो.

"काऊन आली नाही?"

ती तांदूळ निवडत होती. "मले कोन सांगतलं?"

"ग्रुपवर टाकलं होतं ना!"

"तुह्या ग्रुपात माहं घर हाय का?"

"आत्या, दोनशे लोकांच्या घरी कोन फिरन आता?"

तिने सूप खाली ठेवलं.
"मी दोनशेतली होय का रे?"

आणि आत निघून गेली. त्यानंतर माझा फोन तिने उचलला नाही. मीही ऐटीत राहिलो. येईल राग उतरला की, म्हटलं.

राग उतरायच्या आधी अटॅक आला.

आता ऐका. तिचा मुलगा, माझा दादा, नागपूरला असतो. त्याने तेरवीचं कार्ड मोबाईलवर बनवलं. फोटो, फुलं, दिवा. टाकलं ग्रुपवर.

माझं डोकंच फिरलं. फोन लावला.
"केशोरीच्या सुमनबाईले सांगतलं?"

सुमनबाई म्हणजे आत्याची माहेरची मैत्रीण. दोघी लहानपणापासूनच्या.

"ग्रुपवर आहे ना सगळं. आता कोन पत्रिका छापते बे?"

मी शिव्या दिल्या. मोठ्या भावाला दिल्या, हो. त्यातल्या अर्ध्या मलाच होत्या.

प्रेसमध्ये जाऊन पत्रिका छापून घेतल्या. गाडी काढली, थेट केशोरी.

सुमनबाई ओट्यावर बसली होती. तिला वाचता येत नाही. पत्रिका हातात घेतली, उलटीपालटी केली, हसली.

"कोनाचं लगीन होय जी?"

मी ओट्यावर तिच्याजवळ टेकलो.

"कामठ्याची आत्या गेली, बाई."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.
"अन् मले आज सांगून राहिला?"

सांगू काय, नेटवर्क नव्हतं म्हणून?

आज तेरवी झाली. सुमनबाई दोन बस बदलून आली. फोटोसमोर बसली, एकटीच काहीतरी बोलत राहिली. ग्रुपवाले निम्मे आलेच नाहीत.

या पोस्टखाली हात जोडून पुढे सरकू नका. तुमच्या घरात आत्याला ओळखणारं कोणी म्हातारं माणूस असेल तर उठा, जवळ जाऊन ती गेली हे तोंडाने सांगा.

आत्या, तुझ्या दारात येऊन माफी मागायची होती. नाही आलो.
जा, सुखात राहा.

तुझा भाचा