कार्डावरचं नाव

बाबांचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीतून घरी निघाले होते आणि कंपनीची कॅब नेहमीप्रमाणे एकाच जागी उभी होती. "विमल गेली," एवढंच ते म्हणाले. पहिल्या शिफ्टहून परत येताना ती चिखलीच्या स्टॉपवर उतरली, छातीत कसंतरी होतंय म्हणून शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसली, आणि बरोबरच्या बायका रिक्षा थांबवेपर्यंत... सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला. रडू आलं नाही. मनात पहिली गोष्ट आली ती एका फॉर्मची. तीन आठवड्यांवर आलेल्या प्रदर्शनाचा फॉर्म मी चार दिवसांपूर्वी भरला होता, आणि त्यात पुन्हा माझंच नाव होतं. सख्खी आत्या गेल्यावर फॉर्म आठवावा याची मला लाज वाटते. पण आत्याबद्दल लिहायचं तर त्या फॉर्मबद्दलच लिहायला हवं.

विमलआत्या बाबांची थोरली बहीण. आमचं गाव चाकणजवळचं. लग्नानंतर चार वर्षांनी ती परत आली, का आली ते घरात कुणी माझ्यासमोर बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही. चाकणच्या एका कंपनीत ती वायरिंग हार्नेसच्या लाइनवर होती. मोटारीच्या आत बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत वायरींचा जो जाडसर गुंता फिरलेला असतो, त्याला हार्नेस म्हणतात. मोठ्या तिरक्या फळीवर खिळे असतात, त्यांच्यामधून एकेक वायर ओढत, टेप गुंडाळत बायका तो तयार करतात. वीस वर्षांहून जास्त काळ तिने हेच केलं. रस्त्यात एखादी नवी गाडी दिसली की ती म्हणायची, "हिच्या पोटात आमी हाय." मी इंग्रजी शाळेत गेलेली, कमी बोलणारी. तिला माझं मराठी ऐकून हसू यायचं. बातम्या देतेस काय गं, असं विचारायची. पण नातेवाइकांत माझ्याजवळ गप्प बसून राहू शकणारी ती एकटीच होती, बाकी सगळे मला बोलतं करायला बघायचे.

तीन वर्षांपूर्वी मी तिला चष्मा करायला चिंचवडला नेलं होतं. चष्मा तासाभराने मिळणार होता आणि ऊन फार होतं, म्हणून समोरच्या शाळेच्या सभागृहात शिरलो. तिथे छोट्या रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन होतं. शहरातल्या हौशी मंडळींनी टेबलांवर अख्खी गावं मांडली होती: बोगदे, पूल, फलाट, आणि त्यांतून फिरणाऱ्या वीतभर डब्यांच्या गाड्या. आत गेल्यावर दोन मिनिटं मला काहीच विशेष वाटलं नाही. मग बघितलं तर आत्या दिसेना. एका टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, डोळे रुळांच्या पातळीवर आणून ती उभी होती. "अशी बघ," ती म्हणाली. मी वाकले, आणि टेबल नाहीसंच झालं. गाडी समोरून मोठी होत आली, तिचा दिवा माझ्या डोळ्यांत पडला, फलाटावर गव्हाच्या दाण्याहून जराशी मोठी माणसं बॅगा धरून उभी होती, आणि त्यांची सावलीही पडत होती. आजूबाजूला मोठमोठी माणसं हात पाठीमागे बांधून अशीच वाकलेली होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझ्यासारखीला आवडावी अशीच जागा होती ती. सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं, पण एकमेकांकडे बघायचं नाही.

आत्याने टेबलाच्या मालकाला विचारलं, खालच्या वायरी बघू का? ते निवृत्त इंजिनिअर असावेत, फार सभ्य होते. त्यांनी हसून माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, आजींना गाड्या आवडतात वाटतं? आजी तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. मी मान डोलावेपर्यंत ती कापड उचलून टेबलाखाली शिरली होती. बाहेर आली ती तोंडाला पदर लावूनच. "वर सोनं हाय," माझ्या कानात म्हणाली, "आन खाली कावळ्याचं घरटं." त्या दिवशी आम्ही प्रत्येक टेबलापाशी दोनदा गेलो. चष्म्याचं दुकान जेवणासाठी बंद झालं, पुन्हा उघडलं.

चिखलीतल्या तिच्या खोलीत कॉट, ओटा आणि कपाट एवढंच मावायचं. आपली गाडी मांडायला तिने एक जुनं दार मिळवलं. दिवसा ते कॉटवर आडवं, झोपताना भिंतीला उभं. रूळ, इंजिन आणि डबे मी ऑनलाइन मागवून दिले. माझं काम तिथे संपलं, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. बाकी सगळं तिचं. तिने डोंगर केले नाहीत, बोगदे केले नाहीत. नव्या मोटारी मालगाडीत चढवतात ते यार्ड केलं. मोटारी खोडरबर कापून केल्या होत्या, प्रत्येक बोटाच्या पेराएवढी, आणि नेलपेंटने रंगवल्या होत्या. रुळांचा सांधा बदलायला बटणं, यार्डाला दिवे. कुंपणाबाहेर कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या बायका होत्या, वायरीच्या टोकाला लावतात त्या पितळी टर्मिनलच्या. जवळून बघितलं की एकीचा जेवणाचा डबा दुसरीच्या हातात दिसायचा, कारण पहिली चप्पल नीट करत होती. मी विचारलं, ही कोण? आत्या म्हणाली, "मंगल. रोज हितंच तुटतीया तिची."

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात भाग घ्यायचा हे तिनेच ठरवलं. फॉर्म ऑनलाइन होता, इंग्रजीत होता, म्हणून मी भरला. 'एक्झिबिटर'समोर मी माझं नाव घातलं. ईमेल माझा, मोबाइल माझा, म्हणून नावही माझं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं असणार. नक्की काय वाटलं होतं ते आता मला आठवत नाही, आणि आठवलं तरी त्यावर माझा विश्वास बसणार नाही. प्रदर्शनाच्या सकाळी आमच्या टेबलावर छापील कार्ड होतं. पार्ट नंबर वाचून वाचून आत्याला इंग्रजी अक्षरं येत होती. तिने कार्डावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मी घाईने म्हटलं की बदलून आणते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वायरीवर नाव असतंय व्हय कुणाचं?" आणि स्टूल ओढून मागे बसली.

दोन दिवस लोक मला प्रश्न विचारत होते. मी मागे वळून तिला विचारायचे, ती हळू आवाजात सांगायची, आणि मी ते इंग्रजीत किंवा माझ्या बातम्यांच्या मराठीत पुढे सांगायचे. गाडी ती चालवत होती, पण कंट्रोल मांडीवर असल्यामुळे ते कुणाला दिसत नव्हतं. एक बाई तिला म्हणाल्या, मावशी, पिण्याचं पाणी कुठेय? आत्याने उठून त्यांना कूलर दाखवला आणि परत येऊन बसली. मी ते बघितलं आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या यार्डाला पहिलं पारितोषिक मिळालं. माझं नाव पुकारलं. मी मंचावर गेले. सेक्रेटरींनी प्रशस्तिपत्र हातात दिलं, माइक पुढे केला आणि म्हणाले, दोन शब्द बोला. मला समोर फक्त आत्या दिसत होती. ती टेबलामागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. इतरांच्या थांबल्या तरी तिच्या चालू होत्या. "थँक यू," मी म्हटलं आणि खाली आले.

रिक्षात तिने प्रशस्तिपत्र मांडीवर सपाट धरलं होतं, मुडपू नये म्हणून. मग बाहेर बघत म्हणाली, "बोलायचं हुतंस की गं दोन शब्द."

हे वाक्य मला आयुष्यभर सगळ्यांनी ऐकवलं आहे. शाळेत, लग्नकार्यात, ऑफिसात. म्हणून मी ते तसंच घेतलं. मी लाजाळू आहे, ती चिडवते आहे, इतकंच. तसं घेणं सोयीचं होतं.

गेल्या वर्षी माझ्या कामामुळे भाग घेता आला नाही. म्हणजे ती घेऊ शकली असती, पण फॉर्म माझ्याकडे होता. यंदा ईमेल आला. आधी भाग घेतलेल्यांनी फक्त एक बटण दाबायचं होतं, बाकी माहिती आपोआप भरली जाणार होती. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते दाबलं. नाव बदलायचं ठरवलं होतं, दोन वर्षं ठरवलेलं होतं. बटण दाबल्यावर आठवलं. नंतर करू, म्हटलं.

रविवारी मी तिच्याकडे गेले, ती आमची शेवटची भेट. यार्डात तिने एक नवा रूळ टाकला होता. केसांना मेंदी लावून कॉटच्या कडेवर बसली होती. फॉर्म भरलास का, तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने कपाळावर ओघळलेली मेंदी पुसली. मग म्हणाली, "वय किती टाकलंस माजं?"

मला कळायला वेळ लागला. फॉर्म म्हणजे नाव आणि वय, हे तिच्या सवयीचं होतं. रेशनचा असो, दवाखान्याचा असो. यंदा तिचंच नाव घातलं असेल असं ती धरून चालली होती. किंवा तसं आहे का, हे मला न दुखवता विचारत होती. मी म्हटलं, "वय विचारत नाहीत, आत्या." ती हसली. "बरं हाय. न्हाईतर परत आजी म्हनतील." मेंदी प्रदर्शनासाठी होती, हे मला दुसऱ्या दिवशी स्मशानात लक्षात आलं. तिचे केस अजून लालसर होते.

दहावा झाल्यावर मी सेक्रेटरींना फोन केला आणि कार्डावरचं नाव बदला म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं. म्हणाले, तुमच्या आत्या बरोबर यायच्या ना, मदतीला? "नाही," मी म्हटलं. "मदत मी करायचे. केलंय सगळं त्यांनी." हे वाक्य म्हणायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. इतकं सोपं होतं ते... मग त्यांनी विचारलं, पूर्ण नाव काय लिहू? मला सांगता येईना. बाबांना विचारलं, तर कंपनीत तिचं माहेरचं नाव होतं, मतदार यादीत सासरचं. "तिला कुठलं आवडायचं?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "कधी विचारलंच न्हाई आपण." एरवी ते 'नाही' म्हणतात. शेवटी कार्डावर फक्त 'विमल' छापलं.

प्रदर्शनाला आम्ही टेम्पोतून दार नेलं. मांडलं, बटण दाबलं. गाडी हलली नाही. दिवेही लागले नाहीत. वाटेत कुठेतरी काही सुटलं होतं. आधीचेच ते निवृत्त इंजिनिअर मीटर घेऊन टेबलाखाली गेले. तासाभराने बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. त्यांनी मला खाली बघायला बोलावलं. मी यार्डाची ती बाजू कधी नीट बघितलीच नव्हती. दाराच्या पाठीवर दोऱ्याच्या गाठींनी बांधलेल्या वायरींच्या जुड्या सरळ रेषेत गेल्या होत्या, वळणावर सगळ्या एकाच मापाने वळल्या होत्या, आणि एकूणएक वायर करड्या रंगाची होती. कुदळवाडीच्या भंगारात तिला एकच मोठं बंडल मिळालं असणार. कंपनीत प्रत्येक वायरीला रंग असतो, म्हणजे पुढच्या माणसाला कळावं. इथे पुढचं माणूस कुणी नव्हतं. तिला सगळं हाताला पाठ होतं. "असं काम मी कारखान्यातही बघितलेलं नाही," ते म्हणाले. सुटलेली वायर शोधायची तर सगळ्या गाठी कापाव्या लागतील. कापू का?

मी नको म्हटलं.

दोन दिवस यार्ड तसंच अंधारात उभं राहिलं. लोक येत, वाकत, कार्ड वाचत, थोडं थांबत, मग बंद आहे म्हणत पुढच्या टेबलाकडे जात. तिथे गाड्या फिरत होत्या. मी तिच्या स्टुलावर बसले होते. विमल कोण, असं दोघातिघांनी विचारलं. मी सांगितलं, व्यवस्थित सांगितलं, माझ्या मराठीत. ते 'अच्छा' म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. न चालणारी गाडी कुणी केली, हे ऐकायला माणसाने किती वेळ थांबायचं?

चिखलीची खोली बाबांनी सोडली. दार आता रावेतला माझ्या खोलीत आहे, भिंतीला उभं. यार्डाची बाजू मी भिंतीकडे केली आहे आणि पाठ माझ्याकडे. ऑफिसातून आले की तिच्यासमोर बसते. सुटलेली वायर कुठली, हे मला अजून सापडलेलं नाही, सापडेल असंही वाटत नाही. गाठी तिने पट्टीने मोजून मारलेल्या नाहीत, अंगठ्याने मापल्या आहेत. प्रत्येक दोन गाठींच्या मधे तिच्या आडव्या अंगठ्याएवढी जागा. मी तिथे माझा अंगठा ठेवून बघते. दोन्ही बाजूंना थोडी करडी वायर उरते.