आत्या लाइनवर आहे

जगात जी जी यंत्रं माणसाच्या आवाजात बोलतात, त्या सगळ्यांशी माझ्या आत्याचं व्यक्तिगत भांडण आहे. लिफ्टमधली बाई, बँकेच्या फोनवरची बाई, मोटारीत बसून डावीकडे वळा म्हणणारी बाई, यांतल्या एकीलाही तिनं आजवर सरळ उत्तर दिलेलं नाही. तिचं म्हणणं असं, की आवाज आहे म्हणजे घसा असला पाहिजे, आणि घसा असला की तो कधीतरी बसला पाहिजे. "जिचा घसा कधी बसतच नाही, तिच्यापाशी मी काहून बोलू?" असं ती विचारते, आणि यावर भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडेही उत्तर नसतं. हे मत हवेतून आलेलं नाही. आत्यानं जयपूरच्या रेल्वे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली आहेत. नागपूरहून लग्न करून ती इकडे आली, काका रेल्वेच्या वर्कशॉपात होते. काका गेले, मुलगी हैदराबादला स्थायिक झाली, आणि बनी पार्कातल्या तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी, म्हणजे तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक भाचा, सहकुटुंब राहतो. त्यामुळे आत्याचा संताप मला रोज ताजा मिळतो. सकाळी तिची बुद्धवंदना, मग चहा, मग संताप, असा क्रम गेल्या नऊ वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

संतापाचं साहित्य म्हणजे दोन हिंदी वर्तमानपत्रं आणि एक लाल पेन. आत्या वर्तमानपत्र वाचत नाही, तपासते. एकदा मथळा होता, मशीननं इतक्या कामगारांच्या नोकऱ्या घेतल्या. आत्यानं 'मशीन' हा शब्द लाल रेघेनं उडवला आणि जिन्यातून मला हाक मारली. "नोकरीवरून काढायच्या कागदावर सही लागते का नाही?" मी म्हटलं, लागते. "मग मशीननं सही केली काय? ज्यानं केली त्याचं नाव छापा ना. मशीनच्या मागं लपून राहिले सगळे." दुसऱ्या एका दिवशी तिसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळींची बातमी होती, की कोणी एक माणूस बरीच वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटला. आत्यानं तेवढ्यावरून वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला आणि विचारलं, की याला धरलं तेव्हा पहिल्या पानावर फोटो होता, मग सुटल्यावर फोटो कुठे गेला. तिकडचा माणूस म्हणाला, जागा नव्हती. "पानभर साबणाच्या जाहिरातीला जागा आहे," आत्या म्हणाली, आणि त्या दिवसापासून तो साबण आमच्या घरातून हद्दपार झाला. साबणाचा काय दोष, असं माझ्या बायकोनं विचारून पाहिलं. आत्या म्हणाली, "त्या माणसाचा तरी काय होता?"

टीव्हीचंही तसंच. एका वाहिनीनं यंत्रानं बनवलेली निवेदिका आणली. गोरीपान, पापणी वेळेवर लववणारी. ती पहिल्याच दिवशी कुठल्याशा कंपनीतल्या कपातीची बातमी सांगू लागली. आत्या उठली, टीव्ही बंद केला आणि त्यावर अंघोळीचा टॉवेल टाकला. "जिला स्वतःला नोकरीच नाही, ती लोकांच्या नोकऱ्या गेल्याचं सांगून राहिली." टॉवेल आठवडाभर तसाच होता.

मात्र पलीकडून जिवंत माणूस बोललं, की आत्याचा आवाज लोण्यासारखा होतो. गॅस सिलिंडर आला नाही म्हणून तिनं एकदा फोन लावला. पाऊण तास ती स्पीकरवरचं संगीत ऐकत उरल्यासुरल्या गॅसवर वरण शिजवत होती, आणि एक दाबा, दोन दाबा म्हणणाऱ्या बाईला "आधी नमस्कार म्हण" असं बजावत होती. शेवटी एक खरीखुरी मुलगी आली. आत्यानं तिला विचारलं, बेटा, खाना खाया? कितने घंटे से बैठी हो? उठने देते हैं? त्या मुलीनं बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. वीस मिनिटं दोघी बोलल्या. पाणी प्यायला उठलं तरी तिकडे वेळ मोजतात, हे ऐकून आत्या इतकी भडकली, की सिलिंडरचं सांगायचं राहूनच गेलं, आणि पुढचे तीन दिवस तिचा स्वयंपाक आमच्याकडे झाला.

तिच्या हातून चुकाही झाल्या, हे सांगितलं पाहिजे. माझ्या बायकोनं एकदा दहा मिनिटांत घरपोच येणारी कोथिंबीर मागवली. ती घेऊन आले ते पन्नाशीचे गृहस्थ, आधी नगीने, म्हणजे रत्नांचे खडे, घासायचं काम करणारे, जवळचं बारीक दिसेना म्हणून स्कूटरवर आलेले. आत्यानं त्यांना गेटातच धरलं, वेताच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पोहे दिले. त्यांचा फोन सारखा वाजत होता. आत्या त्या फोनला सांगत होती, "वो खा रहे हैं." गृहस्थ संकोचानं खात होते. नंतर कळलं, की त्या उशिराची नोंद त्यांच्याच नावावर लागली. तेव्हापासून वर कोणी काही मागवलं, की ती आधीच ग्लास घेऊन गेटाशी उभी राहते, म्हणजे येणाऱ्याला गाडीवरून उतरावं लागू नये.

पण मला सांगायचं आहे ते कमलाजींचं.

कमलाजी आमच्या गल्लीच्या सफाई कामगार. बारा वर्षं आमची गल्ली त्याच झाडतात. या हिवाळ्यात एका सकाळी त्या झाडू मांडीवर घेऊन आमच्या पायरीवर नुसत्याच बसल्या होत्या. आत्या चहा घेऊन बाहेर आली आणि तिनं काय झालं विचारलं. कमलाजींनी पदर तोंडावर धरला होता, तो काढला. महिनाभरापूर्वी त्यांचे वरचे सगळे दात काढले होते. गाल आत गेले होते, ओठ दुमडला होता. त्यांची हजेरी मोबाइलवर चेहरा दाखवून लागते, आणि त्या मोबाइलमध्ये त्यांचा दात असतानाचा फोटो होता. "मशीन बोलती है, ये कोई और है," कमलाजी म्हणाल्या. तीन आठवडे त्या रोज येत होत्या, रोज झाडत होत्या आणि रोज गैरहजर लागत होत्या. आता ठेकेदाराचा निरोप आला होता, की एवढी गैरहजेरी झालेल्यांची नावं यादीतून काढणार.

आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. तिनं आरडाओरडा केला असता तर मला काळजी वाटली नसती. ती मला एवढंच म्हणाली, "उद्या सहाला तयार राह्य."

हजेरीची जागा म्हणजे पाण्याच्या टाकीखालची पत्र्याची शेड. जयपूरच्या थंडीत तिथे तीसेक माणसं शालींत गुरफटून रांगेत उभी होती, आणि जमादार, म्हणजे त्यांचा मुकादम, एकेकाच्या तोंडासमोर मोबाइल धरत होता. कमलाजींची पाळी आली. पडद्यावरचं वर्तुळ लाल झालं. त्यांनी मान थोडी वर केली, मग थोडी खाली, मग गाल फुगवून पाहिले. वर्तुळ लालच. रांगेतलं कोणी हसलं नाही.

आत्या पुढे झाली. "आप इनको पहचानते हैं?"

"जी, बारह साल से," जमादार म्हणाला.

"ये कमला ही है ना?"

"कमला ही है, मैडमजी."

"तो हाज़िरी लगाइए."

"मेरे पहचानने से नहीं लगती."

"तो आपको यहाँ खड़ा किसलिए किया है?"

जमादारानं हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "इसको पकड़ने के लिए," तो म्हणाला.

त्यात चेष्टा नव्हती. आत्या वाद घालायला आली होती, पण समोरचा माणूस तिच्याच बाजूचा निघाला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही परत आलो. वाटेत ती मला म्हणाली, "याला तर स्टँड करून ठेवलं रे."

मग तक्रार. ती करायला मोबाइलवर एक नंबर होता. आत्यानं तो लावला, तर रेकॉर्डवरच्या बाईनं सांगितलं, की हजेरीच्या तक्रारीसाठी आपल्या पर्यवेक्षकाला भेटा. म्हणजे जमादाराला. तीनदा लावून तीनदा हेच ऐकल्यावर आत्यानं फोन ठेवला, चष्मा पुसला आणि कमलाजींना हाक मारून आपल्या शेजारी बसवलं. तिनं महापालिकेच्या मुख्य कचेरीचा जुना, तारेवरचा नंबर कुठूनसा शोधून काढला होता. स्पीकर चालू करून तिनं तो लावला, आणि लागला. आणि मी पहिल्यांदा आत्याचा एक्स्चेंजमधला आवाज ऐकला. सपाट, गोड, घाई नसलेला आणि नाही म्हणायला जागा न ठेवणारा. "नमस्कार. साहब के लिए कॉल है, लाइन दीजिए." पलीकडच्या माणसानं कोणाचा कॉल हेही विचारलं नाही. त्यानं पुढच्याला दिला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. आत्या प्रत्येकाला तेच वाक्य त्याच सुरात देत गेली. चौथ्या आवाजाला ती म्हणाली, "साहब, बात कीजिए," आणि फोन कमलाजींच्या हातात ठेवला.

"जी सर, नमस्कार सर," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, वरून कोणीतरी आहे.

कमलाजींनी फोन आत्याकडे सरकवला. आत्यानं तो घेतला नाही. नुसती मान हलवली, बोला म्हणून.

"साब, मैं कमला," त्या म्हणाल्या. दात नसल्यानं शब्द ओले येत होते. "बारह साल से गली झाड़ती हूँ. आपकी मशीन बोलती है मैं नहीं हूँ. मैं हूँ, साब."

मग साहेबांनी विचारलं, की ही लाइन कोणी लावून दिली. आत्या वाकून म्हणाली, "लाइन पर हूँ, सर." साहेब रागावले असते तर ते मला समजलं असतं. ते एवढंच म्हणाले, उद्या अकराला या, मला भेटा.

हे फसवणुकीत मोडत नाही का, असं मी आत्याला विचारलं. तिला वाईट वाटलं. "साहेबांसाठी कॉल आहे म्हटलं. होताच कॉल. कोणी मोठा आहे, असं म्या म्हटलं काय?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कचेरीत आम्ही तिघं जाणार होतो. गेटावर पाहतो तर आणखी सात जण उभे. जमादारानं आपल्या शेडमध्येच नव्हे, शेजारच्या शेडमध्येही गुपचूप निरोप दिला होता. एकीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एका म्हाताऱ्याचा गाल भाजलेला होता, एकाची दाढी गेली होती, आणि दोघांना तर मशीन का ओळखत नाही हे देवालाही सांगता आलं नसतं. साहेबांच्या खोलीत खुर्च्या तीन होत्या. आत्या बसली नाही, म्हणून मीही बसलो नाही. साहेबांनी एकेकाचा जुना फोटो पाहिला, मग समोरचा माणूस पाहिला. अर्ध्या तासानं त्यांनी लिहून दिलं, की ज्यांना मशीन ओळखत नाही त्यांची हजेरी जमादाराच्या सहीनं कागदावर घ्यावी, आणि तोवर कोणाचं नाव काढू नये. मागच्या तीन आठवड्यांबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाले, वर कळवतो. ते वर अजून कळलेलं नाही. कागद मात्र चालू आहे. जमादार आता सही करताना पेन जरा उंच धरतो, असं कमलाजी सांगतात.

परत येताना ई-रिक्षात आम्ही दोघंच होतो. कमलाजी त्या सात जणांबरोबर चालत गेल्या. मी खुशीत होतो. म्हटलं, "आत्या, एक्स्चेंजमध्ये तुझा भलताच दरारा असेल."

आत्या रस्त्याकडे पाहत होती. तशीच म्हणाली, "आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं, त्या दिवशी आम्ही नऊ जणी होतो. साहेबांनी हार घातले, पेढे दिले. फीत कापायले मलाच पुढं केलं, सीनियर म्हणून."

"मग?"

"कापली. टाळ्या झाल्या. म्याही वाजवल्या."

रिक्षा सिग्नलला थांबली. ती पुढे सांगू लागली, तेव्हा तिच्या आवाजात संताप नव्हता, आणि तो नसलेला आवाज मला ओळखू येईना. कोणाला पार्सल ऑफिसात टाकलं, कोणाला अजमेरला. सुशीला म्हणून एक होती, तिचं लेकरू अंगावर पीत होतं. तिची बदली लांब झाली, तिनं नोकरी सोडली.

"तुम्हाला कोणी विचारलंच नाही?" मी म्हणालो.

"विचारलं ना. फीत कापल्यावर साहेबांनी माइक दिला माझ्या हाती. म्हणाले, ताई, काही बोलायचं आहे? सुशीला समोरच उभी होती, लेकराले घेऊन." रिक्षा पुन्हा चालू लागली. "मी म्हटलं, थँक्यू सर."

घर आलं. ती उतरली, गेटाची कडी लावली आणि मला म्हणाली, जा, मुलांना कॉलेजात शिकवायचं आहे तुले. संध्याकाळी मी घरी आलो, तेव्हा ती व्हरांड्यात बसून फोनवर बोलत होती. "सुशीला, मी बोलतेय गं," एवढंच मला ऐकू आलं, आणि मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. जिन्यात थांबणं बरं नव्हे, म्हणून मी वर निघून गेलो.