उलट्या हत्तींचा दरवाजा

धाडच्या बाजारात आमच्या गावचा एक जण भेटला आणि म्हणाला, “मास्तर, किसन मिस्त्री गेले.” त्याला आता दीड महिना झाला. काय घ्यायला गेलो होतो तेच विसरलो आणि मिळेल त्या एसटीने गावी परतलो…

ही गोष्ट तेव्हाची, महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी अमरावतीहून बी.ए. होऊन, घरातला पहिलाच, गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. गावातल्या महादेवाच्या देवळाचा जुना दगडी दरवाजा एका अंगाला कलला होता. तो पाडून सिमेंटची कमान बांधायची, असं पंचांनी ठरवलं आणि अर्ज लिहायला मला सांगितलं. ‘एका रात्रीत उभा राहिलेला हा हेमाडपंती दरवाजा आता धोक्याचा झाला आहे,’ असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं. बैठकीत तो अर्ज वाचला, तेव्हा मागे बसलेले किसनकाका हळूच म्हणाले, “मास्तर, त्यात चुना नाही. दगड दगडाच्या भारावर उभा हाये. पाया खचला, त्यात दरवाजाचा काय गुन्हा? मले शिवरात्रीलोक द्या.” मिस्त्रीले दगड दिसला की भूक लागते, अशी थट्टा झाली, पण शिवरात्रीपर्यंत मुदत मिळाली.

दरवाजा उतरवायचा, पाया नव्याने भरायचा आणि तेच दगड पुन्हा चढवायचे, असं ठरलं; उतरवण्याआधी प्रत्येक दगडावर गेरूने आकडा घालायचं काम माझ्याकडे आलं. काकांना अक्षर येत नव्हतं, ते आपल्या खुणा करत. डाव्या खांबावरचे चुन्याचे थर त्यांनी खरवडले, तर आतून तीन कोरीव हत्ती निघाले, पाय वर केलेले! “एका रातीत बांधला म्हन्ता ना? अंधारात उलटे लागले असतीन,” ते हसले. मग त्यांनी दगडांतल्या खाचा दाखवल्या. एकीचाही शेजारच्या दगडाशी मेळ नव्हता. आधीचं एखादं देऊळ पडलं असावं आणि त्याचेच दगड वेचून कोणीतरी हा दरवाजा उभा केला असावा. त्या संध्याकाळी मी पंचांकडे जाऊन माझा अर्ज परत मागितला.

दगड पुन्हा चढवताना मी म्हटलं, हत्ती तरी सरळ करू.

“काऊन?” काका म्हणाले, “पडलेलं उचलून ज्यानं उभं केलं, तोही मिस्त्रीच होता. त्याच्या कामावर आपून हात नोको मारू.”

शिवरात्रीला दरवाजा नीट उभा होता.

पुढे दर दिवाळीला गावची पोरं दरवाजाला चुना फासत, आणि दुसऱ्या दिवशी काका ओलं गोणपाट घेऊन हत्ती पुसत. या दिवाळीला ते नव्हते. बादली घेऊन मी गेलो. गेरूचे माझे आकडे केव्हाच धुऊन गेलेत… चुना ओला होता, लगेच निघाला. तिन्ही हत्ती अजून पाय वर करूनच आहेत.