इर्जिकीला गैरहजर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण आंदर मावळातल्या एका कातळावर मी मोठ्याने मारलेली हाक अजून तशीच्या तशी कानात आहे.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय पंचनामे आणि जबाबांपुरती. त्यामुळे ही गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची थोडी धाकधूक आहे. पण निवृत्तीनंतर जी प्रकरणं आठवून आजही छातीत धडधडतं, त्यांत हे पहिलं. यात खून नव्हता, दरोडा नव्हता. होते ते दोन मोबाईल फोन आणि जवळ येत चाललेला एक रविवार.

मी तेव्हा मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच झाली होती आणि गावोगावी भाताची झोडणी सुरू होती. एके सकाळी लोणावळ्याचा एक टेम्पोवाला ठाण्यात आला. पर्यटक ने-आण करणारा, बोलका माणूस. पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेला बसला होता.

"साहेब, रविवारचं भाडं आलंय. वडगावचं."

"मग चांगलं आहे की."

"नुसती पोरं. बाया नाहीत, पोतडी नाही, जेवणाची भांडी नाहीत. लग्नाला नाही, देवाला नाही. मी विचारलं, कशाला चाललाय? तर म्हणे, एकाचे पाय मोडायचेत. हसत म्हणाला, पण मला ते हसणं काही पटलं नाही. माझ्या ओळखीच्या आणखी दोघांना तसंच भाडं आलंय."

माझा अनुभव असा, की खबर देणारा माणूस शपथा घालू लागला तर सावध व्हावं आणि बारीकसारीक सांगू लागला तर उठावं. मी उठलो.

तासाभरात आमच्या महिला शिपायाने मूळ शोधून काढलं. तालुक्याचा एक फेसबुक ग्रुप होता. सुरू झाला तेव्हा त्यावर इंद्रायणी तांदळाचे भाव, हरवलेली गुरं, एसटीच्या वेळा असं काही असे. मग युक्रेन आलं, गाझा आलं आणि त्यामागून आपल्या देशात असहिष्णू कोण, हा वाद आला. वैतरणा आणि व्होल्गा यांतला फरक न सांगता येणारी माणसं सेनापतीसारखी बोलू लागली. त्यात दोन टोपणनावं सगळ्यांत पुढे होती, 'सह्यकडा' आणि 'साधा माणूस'. दोघांना फोटो नाही, गाव नाही. एकाने दुसऱ्याला देशद्रोही म्हणायचं, दुसऱ्याने पहिल्याला अंधभक्त, आणि खाली शेकडो लोकांनी टाळ्या पिटायच्या.

आठवड्यापूर्वी सह्यकड्याने लिहिलं होतं, "हिंमत असेल तर रविवारी दुपारी वडगावला एसटी थांब्यामागच्या मैदानात ये. पाय मोडून हातात देतो."

साधा माणूस म्हणाला होता, "येतो. तूच पळू नकोस."

त्याखाली दोन्ही बाजूंच्या पोरांची गर्दी. आम्हीपण येतो, तळेगावहून येतो, लोणावळ्याहून येतो. कुणी हॉकी स्टिकचं चित्र टाकलेलं.

फेसबुक कंपनीकडे दोन्ही खात्यांची माहिती मागवली. तिचं उत्तर यायला वेळ लागतो आणि रविवार दाराशी आला होता. टेम्पोवाल्यांना प्रतिबंधात्मक नोटिसा काढल्या, वरिष्ठांकडे जादा बंदोबस्त मागितला. पण मोटरसायकलवर येणाऱ्या पोराला कोण अडवणार? आणि तो 'साधा माणूस' खरोखरच एकटा येऊन मैदानात उभा राहिला तर? पन्नास जणांच्या घोळक्यात पहिला दगड कुणी मारला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. मी ते दोनदा पाहिलं आहे. त्यामुळे दोघांना रविवारच्या आत गाठणं, एवढंच डोक्यात होतं.

मी दोघांचं जुनं लिखाण वाचायला बसलो. वाचता वाचता एका जागी थबकलो. मागच्या महिन्यात सह्यकडा काही दिवस गप्प होता. "पळाला, पळाला" म्हणून समोरचे नाचत होते. पण साधा माणूसही नेमके तेच दिवस गप्प! आणि दोघे परतले तेही एकाच दुपारी.

ते दिवस मला चांगले आठवत होते. आंदर मावळातला टॉवर बंद पडला होता आणि आमच्या तिथल्या दूरक्षेत्राच्या, म्हणजे पोलीस चौकीच्या, हवालदाराचा फोन लागत नव्हता, म्हणून मी चिडलो होतो. मी खुर्चीतून उठलोच. दोघे एकाच टॉवरखाली!

हवालदाराला बोलावलं. तो त्याच खोऱ्यातला. त्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, "साहेब, खालच्या गावांत दिवसभर रेंज असते. हे दोघं फक्त दुपारी जेवणाच्या वक्ताला आणि दिवस मावळताना लिवतात. हे वरल्या वाडीचं काम. तितं घरात रेंज न्हाई. पाण्याच्या टाकीमागं कातळ हाय, त्याच्यावर चढावं लागतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही साध्या वेशात वाडीत गेलो. हवालदाराने मला 'पुण्याचे पाहुणे' म्हणून पुढे केलं. वाडीत एका मावशींच्या खळ्यावर इर्जिक चालू होती. मावळाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. एकाच्या शेतावर सगळी वाडी बिनमजुरीने राबते, त्या दिवशी जेवण त्या घरचं. मग पाळीपाळीने प्रत्येकाच्या शेतावर तसंच. आजारी माणूससुद्धा येऊन सावलीला बसतो, पण येतो. न आलेल्याचं नाव वर्षभर निघतं.

फळ्यांवर भात झोडला जात होता. धूळ, हसणं, टोमणे. मी पेंढ्याच्या भाऱ्यावर बसलो आणि सहज विचारलं, "आता पुढची पाळी कुणाची?"

मावशींनी सूप थांबवलं. "रविवारी आबांची." त्यांनी पन्नाशीच्या एका धिप्पाड माणसाकडे बोट दाखवलं. "पर मालकच गायब व्हनार म्हनं!"

"गायब कुटं?" आबा घाम पुसत म्हणाले. "सकाळी हाय की. दुपारचं वडगावला काम हाय."

"रविवारी कचेरी उघडी असती व्हय?"

खळं हसलं. मावशींना जोर चढला. "सवताच्या इर्जिकीला दांडी मारनारा ह्यो पयलाच. आन् ह्यो आमचा कालिजवाला, ह्यो बी दुपारीच जानार. कालिज आता रविवारचं भरतंय जनू!"

आबांच्या शेजारीच भात झोडणारा एक सडपातळ मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मावशी, मित्राकडं जायचंय."

"आमाला काय, जा की. पर आबाचं भात काय तुजा मित्र झोडनार हाय?"

स्वतःची इर्जिक सोडून मालकाने जाणं म्हणजे नवरदेवाने मांडवातून उठून जाणं. असं काय काम असेल? दोघांना, एकाच दुपारी, एकाच गावाला? रविवारची वेळ ठरवताना रागाच्या भरात कुणालाच पाळी आठवली नव्हती. आणि एकदा लिहून गेल्यावर मागे कोण हटणार!

जेवणं झाली. दोघे हात धुऊन कातळाकडे निघाले. एकत्रच निघाले, बोलत. चढावर आबांनी मुलाला हात दिला. वर पोहोचल्यावर आबा पश्चिमेला तोंड करून बसले, मुलगा पूर्वेला. पाठीला पाठ, मध्ये पुरुषभर खडक. दोघांच्या माना फोनात. मी दोघेही दिसतील असा बाजूला उभा राहून माझा फोन काढला. इथे रेंज होती.

आबांचा अंगठा हलत होता. थांबला. माझ्या फोनवर अक्षरं उमटली, "रविवार विसरू नको रे भित्र्या."

खडकाच्या पलीकडे मुलाच्या दोन्ही अंगठ्यांची धांदल उडाली. ते थांबले आणि माझ्या फोनवर दुसरा मजकूर आला, "तुझ्यासारखे छप्पन्न पाहिले."

खोटं सांगत नाही, वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत आरोपीच्या मागे धावतानाही माझं काळीज इतकं उडालं नव्हतं. तरी पुरावा पुरावा असतो. मी जुनीच युक्ती केली. फरारी माणूस गर्दीत असेल तर त्याच्या टोपणनावाने अचानक हाक मारावी.

"सह्यकडा!"

"ओ!" आबांच्या तोंडून निघून गेलं.

आणि तो मुलगा ताडकन उठून खडकाच्या या बाजूला आला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. त्याच्या हातातला फोन तसाच वर राहिला. आबांनी तो फोन पाहिला, त्यावरचा मजकूर पाहिला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मी ओळख सांगितली. "फोन खाली ठेवा. दोघांनीही. लोणावळ्याहून टेम्पो कुणी सांगितले?"

"कसलं टेम्पो?" आबा म्हणाले. "मी येकटा जानार हुतो साहेब. आईच्यान."

"आणि तू? तळेगावची पोरं कुणी बोलावली?"

"मी कुणालाच नाही, सर. मी त्यांना ओळखतसुद्धा नाही."

मी उलटसुलट विचारलं, वेगवेगळं बसवून विचारलं. दोघे खरं बोलत होते. त्यांनी फक्त ठिणगी टाकली होती, गवत दुसऱ्यांनी रचलं होतं. रविवारी काय होऊ शकतं, हे मी स्पष्ट शब्दांत सांगितलं तेव्हा मुलगा आबांपासून एक पाऊल मागे सरकला. आबांनी ते पाहिलं.

"म्हंजी मी ह्याचं पाय मोडायला मानसं गोळा केली?" ते मला विचारत होते की स्वतःला, कळलं नाही.

मुलगा हळूच म्हणाला, "आबा, तुम्ही लिहिलंत की असल्या पोरांना आईबापांनी शिकवलंच कशाला. कॉलेजला पाठवा म्हणून आमच्या वडलांच्या मागे तर तुम्हीच लागला होतात."

आबा म्हणाले, "आन् तू? ज्यांच्या घरचं कुनी सीमेवर न्हाई, तीच लढाईच्या बाता मारत्यात, असं लिवलंस. माजं पोरगं कुटं हाय रं आत्ता?"

मुलाला हे माहीत होतं. आबांचा मुलगा फौजेत होता आणि सुट्टीला आला की याच मुलासोबत नदीवर जात असे. आबांनी उपरण्याने डोळे पुसले.

मी त्यांना समेट करायला सांगितला नाही. ते माझं कामही नव्हतं. मी म्हणालो, "रविवार थांबवा."

दोघांनी तिथेच एकमेकांशेजारी बसून फोटो काढला, अंगभर भाताचा भुसा असलेला, आणि आपापल्या खात्यावर टाकला. आम्ही एकाच वाडीचे, भांडण आमचं आम्ही बघू, कुणी येऊ नका. मला वाटलं, सुटलो. अर्ध्या तासात उत्तरं आली. दोघे विकले गेले. सेटिंग आहे. फोटो खोटा आहे. काल आबांना वाघ म्हणणारे आज त्यांनाच गद्दार म्हणू लागले. मुलाच्या बाजूच्यांनी त्याला तेच बक्षीस दिलं. रविवारी आम्ही येणारच, असं दोन्हीकडून ठरलं.

आबा म्हणाले, "बोलावलं मी, तर जानार बी मीच."

"मीपण," मुलगा म्हणाला.

मी नाही म्हणालो. मग विचार केला. ज्यांच्यासाठी गर्दी जमते ते समोरच नसतील, तर ती दुसरा कुणी तरी शोधते. शेवटी बंदोबस्तात न्यायचं ठरवलं.

रविवारी टेम्पो आले नाहीत, पण मोटरसायकली आल्या. मैदानाच्या दोन कडांना दोन घोळके उभे होते आणि मध्ये आमचे शिपाई. आबा आणि मुलगा जीपमधून उतरून सरळ चालत गेले. गंमत अशी, की फोटो खोटा ठरवलेला असल्यामुळे कुणी त्यांना ओळखलंच नाही. एक पोरगा पुढे झाला. "ओ काका, तो साधा माणूस कुठंय, माहितीय का?"

"ह्यो काय," आबांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि सह्यकडा?"

"मी. बोल."

पोरगा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मागून कुणी तरी ओरडलं, "मारा की मग!" माझा हात शिट्टीवर गेला. पण आबांचा आवाज शिट्टीपेक्षा मोठा निघाला.

"कुनी म्हनलं ते? हितं म्होरं ये! ह्याच्यासंगं माजं पटत न्हाई. आज बी पटत न्हाई, उंद्या बी पटनार न्हाई. पर ह्याला हात लावायचा, तर आदी मला आडवं करावं लागंल. तू कोन रं मधी? तुज्या बा'ला म्हाईत हाय का तू कुटं हाईस?"

कुणी पुढे आलं नाही. तोंड दाखवून ओरडणं वेगळं असतं. एक जण हसला, मग दुसरा. कुणी तरी शिवी घातली आणि गाडी चालू केली. मुलाने समोरच्या घोळक्यातल्या एकाला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा ना, मी आहे इथं." त्या पोराने खांदे उडवले आणि तो निघून गेला. हळूहळू मैदान मोकळं झालं. दोघांकडून हमीपत्रं घेतली. घडलं काहीच नव्हतं, त्यामुळे गुन्हा नोंदवला नाही. जीप त्यांना घेऊन वाडीकडे गेली तेव्हा दिवस बराच कलला होता, तरी आबांच्या खळ्यावर सगळी वाडी झोडत उभी होती. मावशींनी काय काय ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बदली होण्याआधी एकदा त्या बाजूला गेलो होतो. आबांना विचारलं, "काय, जुळली का मतं?"

"कशाची जुळत्यात! तो चुकतोयच. पर आता त्याला तोंडावर सांगतो. तो बी मला सोडत न्हाई. परवा दोन तास भांडलो, चहा गार झाला."

मी पोलीस म्हणून आयुष्यभर भांडणं मिटवत आलो आणि मिटलं म्हणजे जिंकलो, असं समजत आलो. त्या दोघांचं भांडण मी मिटवू शकलो नाही आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. माणसांनी वाद घालावा, आवाज चढवावा, दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरू करावं. वाद संपल्यावर दोघेही धडधाकट आपल्या घरी पोहोचले पाहिजेत, खाकीचं काम एवढंच.