बेसमेंटमधलं चित्र

आम्ही अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहायला आलो तेव्हा बायकोच्या बॅगेत चित्रकलेच्या पदविकेचं भेंडोळं आणि सात ब्रश होते. तीन वर्षं तिनं ते बाहेर काढले नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही.

मग एका शनिवारी आम्ही डेट्रॉइटला एक प्रदर्शन पाहायला गेलो. दोनशे वर्षांपूर्वीच्या बड्या इंग्रज लोकांची टर उडवणारी चित्रं होती. तपकिरी शाईची चपळ रेघ, वर जलरंगाचा पातळ हात. हातभर उंच केशरचना सावरत नाचणाऱ्या बायका, विग घातलेले ढेरपोटे उमराव, त्यांच्यापुढे कमरेत वाकलेली माणसं, कुणाच्या तरी झग्याची झालर ओढणारं कुत्रं. मी दहा मिनिटांत बाहेर येऊन कॉफी घेत बसलो. ती दीड तासानं आली. ‘हे तर आपलं दिवाळीचं गेट-टुगेदर आहे,’ म्हणाली आणि घर येईपर्यंत मधूनमधून एकटीच हसत राहिली.

तिनं खरंच तसं चित्र काढलं. आमचं गेट-टुगेदर दरवर्षी एका काकांच्या बेसमेंटमध्ये व्हायचं. काका ऑफिसात माझे वरिष्ठ होते. त्या वर्षी ले-ऑफ चालू होते, आणि माझे ग्रीन कार्डाचे कागद त्यांच्या शब्दावर अडलेले होते. चित्रात काका विग घालून सोफ्यावर रेललेले होते. काकूंच्या केसांच्या मनोऱ्यावर फराळाचे डबे रचलेले होते. आणि कोपऱ्यात मी, काकांचा ओव्हरकोट दोन्ही हातांवर घेऊन वाकलेला. मला ते झोंबलं. पण तिच्या हातात एवढं काही आहे हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी त्या दिवशी कळलं.

दिवाळीला तिनं ते एका मैत्रिणीला दाखवायला म्हणून पिशवीतून नेलं. मैत्रीण हसली, तिनं पुढच्या बाईला दिलं, आणि हातोहात फिरत ते काकांच्या हातात गेलं. काकांनी चष्मा लावला.

‘हे कुणाचं काम?’

बायको पुऱ्यांचं ताट घेऊन जिन्याशी उभी होती. ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, ‘आमच्या मुलीचं, काका. शाळेत शिकवतात असलं काहीतरी.’

काका खो खो हसले, मग सगळेच हसले. कुणीतरी म्हणालं, अरे यार, कोट घेतलेला तू बघ काय झकास जमलायस. दहा वर्षांच्या आमच्या मुलीला टीव्हीपुढून बोलावून आणलं. काकांनी तिची पाठ थोपटली आणि पेन पुढे केलं, खाली सही कर म्हणाले. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिनं वळणदार इंग्रजीत सही केली.

‘थँक यू, काका,’ ती म्हणाली.

मी तिला शिकवलेलं पहिलं खोटं ते. इतक्या सफाईनं बोलेल असं वाटलं नव्हतं.

माझी नोकरी टिकली, कागदही झाले. काकांनी चित्र फ्रेम करून सोफ्यामागे लावलं.

मला वाटत होतं बायको भांडेल. ती भांडली नाही. आठवड्याभरानं गाडीत मी म्हणालो की मी काकांना फोन करून खरं सांगतो.

‘सांगू नका. पोरगी खोटी पडेल,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘माझा चित्राचा कागद तेवढा परत मागा.’

तेवढंच तिनं मागितलं होतं. काय सांगून मागायचं ते मला सुचेना. पुढच्या दिवाळीला मागू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. दरम्यान ब्रश परत बॅगेत गेले. परवाच्या दिवाळीत काकांनी आग्रहानं मला सोफ्यावर बसवलं, अगदी चित्राखाली. मी जेवलो. समोर बायको बसली होती. ती मान खाली घालून जेवत होती. निघताना आम्हाला गाडीपर्यंत सोडायला काका कोट घालू लागले. त्यांचा हात बाहीत जाईना, म्हणून मी कोट मागून धरला.