बिनमानेचा प्राणी आणि मागघरातला मेन

वेळ वाया घालवायचे बरेचसे मार्ग मी स्वतः वापरून पाहिले आहेत, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. तरीही गेल्या वर्षी आमच्या वडगावच्या घरात रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा टीव्हीवर जे चालायचं, त्याच्याइतका निर्बुद्ध प्रकार मी बघितलेला नाही.

एक प्राणी होता. कुठला ते विचारू नका, काढणाऱ्यालाही ठाऊक नसावं. विटकरी रंगाचा, कलिंगडासारखा गोल, दोन काड्यांसारखे पाय, डोक्यावर उलटी बादली आणि मान अजिबात नाही. मूळचा तो मोबाइलवरच्या खेळातला. खेळात तो नुसता पळतो, वाटेत खड्डे येतात, आणि आपण अंगठा दाबून त्याला वेळेवर उडवायचं. इतपत ठीक आहे, अंगठ्याला काम मिळतं. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं की याची मालिका काढूया. आता मालिकेत अंगठा दाबायला कुणीच नाही. म्हणून तो प्रत्येक खड्ड्यात पडतो. खड्ड्यातून वर आला की डोक्यात कुंडी पडते. कुंडी चुकवली की शिडी. शिडी चुकवली की शिडी घेऊन चाललेला दुसरा कुणीतरी. मग ‘ढप्प’, डोळ्यांपुढे चांदण्या, आणि पुन्हा खड्डा. संपला भाग.

आमच्या केबलवर ही मालिका कन्नडमध्ये यायची. म्हणजे सुरुवातीचं गाणं कन्नडमध्ये. पुढं सगळा मामला ‘आँ’, ‘ऊँ’ आणि ‘ढप्प’. आमच्या या सीमाभागात कुठं कुठल्या भाषेत बोलावं यावरून माणसांची अर्धी हयात गेली, या प्राण्यानं एका दमात प्रश्न मिटवला. बोलायचंच नाही. तेवढ्यापुरता मी त्याला मान देतो. त्याच्याकडे नाही म्हणून.

बघणारी दोन माणसं. एक माझी मुलगी, वय वर्षं नऊ. ती हसून हसून पलंगावरून खाली पडायची, म्हणजे मालिकेचा परिणाम थेट होता. दुसरे आमचे आप्पा, माझे वडील, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. ते हसत नसत. खुर्चीत बसून कपाळाला आठ्या घालून, कोर्टात निकाल ऐकावा तसे बघत.

आप्पांनी चाळीस वर्षं यंत्रमाग चालवले. घरामागच्या लांबट खोलीत, जिला आम्ही अजून मागघर म्हणतो, चार माग होते. त्यांच्या खडखडाटानं आप्पांचे कान गेले. माग चालू असताना बोलून उपयोग नसतोच. सगळं हातानं आणि ओठांनी. त्यामुळं बातम्या, कीर्तन, चर्चा यातलं आप्पांना काहीच गोड लागत नसे. बिनबोलीचा हा प्राणी मात्र त्यांना पूर्ण समजायचा. माझ्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षांचा कारागीर माणूस बादलीवाल्या कलिंगडापुढं बसून होता, आणि मी कामावरून, मच्छे गावच्या कारखान्यातल्या कचेरीतून, घरी येऊन हे बघत होतो. मला लाज वाटायची. स्वतः मी त्या कचेरीत दिवसभर काय करतो ते सांगितलं, तर त्या प्राण्याचं काम भारी वाटेल, पण तो विषय वेगळा.

खरी काळजी निराळीच होती. त्याच वर्षी पावसाळ्यात आप्पा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, “पायात आता काही दोष नाही. भीती बसलीय. चालायला लावा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत खाटेला खिळतील, आणि मग माझ्याकडे यायचा उपयोग नाही.” खुर्चीतून उठायचं म्हटलं की आप्पा दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरायचे. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर, तेही मी आणि बायकोनं दोन्हीकडून धरून. आणलेला वॉकर शेजारी उभा असायचा. त्यावर माझा टॉवेल वाळत असे.

मी सगळे उपाय केले. म्हणजे बोललो. वेळापत्रक करून भिंतीला लावलं. एकदा पेपरातला मनोबलावरचा लेख आप्पांना ऐकू यावा म्हणून इतक्या मोठ्यानं वाचला की शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवसापासून पहाटे फिरायला सुरुवात केली. आप्पा खुर्चीतच.

“आप्पा, चार पावलं टाकूया,” मी कानाशी ओरडायचो.

“तू टाक की. तुजं प्वाट बघ कुठवर आलंय.”

मग माझा सगळा राग त्या मालिकेवर निघायचा. एका संध्याकाळी मी रिमोट हातात घेऊन म्हणालो, “आप्पा, हे काय बघता? त्या पडण्याला काही अर्थ हाय काय?”

“न्हाय,” आप्पा म्हणाले. मला बरं वाटलं. तोवर त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “कामाची शिस्तच न्हाय त्याला. शिडी बघ कशी लावलीया. खाली धरायला कोन न्हाय. पडंल न्हाय तर काय हुईल?”

प्राणी पडला.

“म्हनलं न्हवं!” आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू शिडी मीच लावली होती.

बायको आतून म्हणाली, “अवं, बघू द्या की त्यास्नी. तुमच्या भाषणापरास त्ये बरं हाय.”

तेव्हा लक्षात आलं की आप्पांना त्या प्राण्याविषयी माझ्याइतकाच तुच्छतेचा भाव आहे. फक्त मी त्याला मूर्खपणा समजत होतो आणि आप्पा त्याला नालायक कामगार समजत होते. बादली डोक्यावर कशाला, दोरीला गाठ कसली मारलीस, पाठ फिरवून चालतोस काय. मुलगी त्यांना हाताच्या खुणा करून पुढचा भाग समजावून सांगायची, आणि आप्पा मुकादमासारखी मान हलवायचे. असला कामगार त्यांनी पहिल्याच दिवशी घरी धाडला असता. इथं तो रोज हजर व्हायचा आणि रोज तेच करायचा.

आता मेनबद्दल, म्हणजे विजेच्या मुख्य बटणाबद्दल, सांगितलं पाहिजे. माग बंद पडले तेव्हा आप्पांनी ते भंगारात दिले आणि मागांचं वीज कनेक्शन परत केलं. पण मागघराच्या भिंतीवरचा जुना लोखंडी मेन, हातभर लांब दांड्याचा, वायरमननं तसाच ठेवला आणि घराची लाईन त्यातून फिरवून दिली. म्हणजे तो दांडा खाली ओढला की सगळं घर बंद. मागघरात आता माझी स्कूटर, जुनी गादी आणि कोळ्यांची जाळी. आप्पांच्या खुर्चीपासून तो मेन म्हणजे बाहेरची खोली, स्वयंपाकघर, दोन पायऱ्या उतरून अख्खं मागघर ओलांडायचं. आमच्या हिशेबात हुबळीला जाण्याइतकं लांब.

मार्गशीर्षातली गोष्ट. अंधार लवकर पडायचा, सहालाच दिवे लावले होते. बायको आत भाकऱ्या थापत होती. मी दारात बूट काढून बसलो होतो आणि टीव्हीकडे बघत नाही असं दाखवत बघत होतो. त्या दिवशी प्राणी कुठल्याशा कारखान्यात शिरला होता. गळ्यात, म्हणजे जिथं गळा असायला हवा तिथं, लांब तांबडा मफलर. मोठमोठी चाकं फिरत होती, पट्टे पळत होते. तो पाठ फिरवून उभा राहिला, मफलरचं टोक पट्ट्यावर पडलं आणि तो ओढला जायला लागला. मुलगी हसायला लागली. मी, सांगायला लाज वाटते, मीही थोडा हसलो.

खुर्ची करकरली. मी वळून पाहिलं तर आप्पा उठले होते. नुसते उठले नव्हते, चालले होते. वॉकरला धक्का लागला, टॉवेलासकट तो आडवा झाला. आप्पा टीव्हीकडे गेले नाहीत. उलट दिशेला, स्वयंपाकघरात, बायकोच्या अंगावरून. ती ओरडली, “अगं बाई, आप्पाऽ!” मला वाटलं, आता पडणार. मी धावलो, एका पायात बूट. तेवढ्यात पायऱ्यांवर धपाधप आवाज, आणि खाडकन् सगळं घर अंधारलं. टीव्ही, दिवे, फ्रिजची घरघर, सगळं एकदम थांबलं.

मोबाइलची बॅटरी लावून आम्ही तिघं मागघरात गेलो. आप्पा दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभे. धापा टाकत होते. डोळ्यांवर उजेड पडताच त्यांनी विचारलं, “सुटलं का त्ये?”

मी आणि बायको एकमेकांकडे बघायला लागलो. शेवटी मुलगी पुढं झाली, त्यांना दिसेल असे हात मोकळे करून दाखवले आणि मोठ्यानं म्हणाली, “सुटलं आज्जा! सुटलं!”

आप्पांनी श्वास सोडला. मग माझ्याकडे वळून, लहानपणापासून मला माहीत असलेल्या त्या नजरेनं म्हणाले, “जीव अडकलाय आनी तुमी बघत बसलाय? हसत बसलाय?”

मी दहा वर्षांचा असताना याच खोलीत आईचा पदर पट्ट्यात गेला होता. मी आईकडे धावलो, तिचा हात धरून ओढायला लागलो. आप्पा मात्र उलटे, भिंतीकडे पळाले. माझ्या डोक्यात तेव्हा एकच आलं, आप्पा पळून गेले. पुढच्या क्षणी चारही माग थांबले. आईचा पदर फक्त हातभर फाटला. त्यानंतर मला जी थोबाडीत बसली ती अजून आठवते. “अडकलेल्याकडं पळायचं न्हाय! मेनकडं पळायचं! हातानं माग थांबतोय व्हय रं?” मागवाल्याच्या घरात अ, आ, इ च्या आधी हे शिकवतात. मी मात्र हे पार विसरलो होतो. मी मच्छ्याला कचेरीत बसतो, माझ्या टेबलावर कुणाचा पदर अडकत नाही.

मी दांडा वर करून मेन परत लावला, दिवे आले. आप्पांच्या ध्यानात आलं की आपण उभे आहोत. त्यांनी एका हातानं भिंत धरली. मी धरायला गेलो तर हात झटकला आणि जुन्या गादीवर बसले. “च्या इथंच आन,” म्हणाले. चहा झाल्यावर, भिंतीला हात लावत, पायरीवर थोडं थांबून, स्वतःच्या पायांनी खुर्चीपर्यंत आले. बायको मागं चालत होती, पीठ लागलेले हात हवेत धरून. कुणीही मनोबलाविषयी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. कामावरून लवकर आलो, ती मालिका स्वतःच्या हातानं लावली (आयुष्यात पहिल्यांदाच) आणि प्राणी कसल्याशा चरख्याजवळ जाताच ओरडलो, “आप्पा! अडकलं बघा! पळा!”

आप्पांनी सावकाश माझ्याकडे बघितलं. “येडा हाईस काय? चित्र हाय त्ये.”

“मग काल?”

“कालचं काल.” आणि थोड्या वेळानं, “मेन जाम झालाय तुजा. दांडा कसा ओढला माजं मला ठावं. खरंच कोन अडकलं तर काय करनार, भाषन?”

मी म्हणालो की घरात आता एकही माग नाही, अडकणार कोण आणि कशात? त्यांनी माझं म्हणणं ऐकलं नाही. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, ते मला कधीच कळलेलं नाही. खुर्चीच्या हातावर जोर देऊन ते उठले, मशीन ऑइलची जुनी बाटली मागितली आणि निघाले. पहिली दोन पावलं मुलीचा खांदा धरून, मग भिंत.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही बापलेक मागघरात जातो. आप्पा फडक्यानं दांडा पुसतात, बिजागरीत दोन थेंब तेल सोडतात आणि मला बाजूला उभं करतात. ते हात वर करतात, म्हणजे माग चालू. मग अचानक तळवा आडवा कापल्यासारखा फिरवतात, म्हणजे अडकलं. मी धावत जाऊन दांडा ओढायचा. पहिल्या दिवशी मी स्कूटरला अडखळलो. “मेला त्यो,” आप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी उशीर केला. “अर्धा मेला.” उन्हाळा आला आणि गेला, डॉक्टरांनी सांगितलेली खाट रिकामीच राहिली. दांडा आता बोटानं ओढला तरी पडतो.

मालिका अजून चालू आहे आणि अजून तितकीच टाकाऊ आहे. या मतात मी एका शब्दाचाही बदल करणार नाही. काल आप्पांनी तळवा फिरवला, मी धावलो आणि एका झटक्यात मेन पाडला. बाहेरच्या खोलीतून मुलगी किंचाळली, “पप्पाऽ! ऐन मजेत बंद केलासा!”

आप्पांनी कानाशी हात नेला. “काय म्हनती रं पोरगी?”

“सुटलं म्हणती, आप्पा.”

“मग बरं,” आप्पा म्हणाले, आणि माझ्या आधी पायऱ्या चढून गेले.